मनगटाचं माप

चाळीस वर्षं बायकांना बांगड्या भरल्या,
उदगीरच्या चौबाऱ्यात.
अंगठा आत दुमडून, सांधे दाबत,
"सोड गं, हात सैल सोड" म्हणत.
हात सैल सुटला की बाई बोलायला लागते,
हे मला डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक.

आता गुरुवारी दुकान सुनेवर टाकते,
पिशवीत कागद घेऊन निघते.
कागदावर विचारलंय:
उद्या तुम्हाला बोलता आलं नाही
तर तुमचं काय करायचं, काय करायचं नाही,
आणि तुमच्या वतीनं कोण बोलेल.
शिकवणीत सांगितलेलं, सल्ला द्यायचा नाही.
प्रश्न टाकायचा, अन् मनात वीस आकडे मोजायचे.
मी आकडे मोजत नाही. डझन मोजते.

जैतुनबी म्हणाली, जी अल्लाची मर्जी.
मग दारापर्यंत सोडायला आली अन् हळूच,
"पण नाकातली नळी नको. माझ्या बहिणीला होती."
परत आत गेलो. लिहिलं.
शेषेराव मास्तरांनी कागदातल्या
शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या
आणि सही केली नाही.
अजून करत नाहीत. चहा मात्र पाजतात.

सोजरबाई बिरादार. फुप्फुसं चुलीनं खाल्लेली.
मी नळीचं विचारलं, तिनं शेळीचं सांगितलं.
मशीनचं विचारलं, तर म्हणाली,
मालकाला लातूरला काचेच्या खोलीत ठेवलं होतं,
अकरा दिवस मी जिन्यात बसले,
आत एकदाच सोडलं, चपला काढून.
"मला काचेमागं ठेवू नका.
दम लागला तर दमाचं औषध द्या, घरीच.
अन् ह्या बांगड्या कुणाला कापू देऊ नको.
मालक गेल्यावर तूच भरल्यास,
मागच्या दारानं येऊन.
तूच उतरव. तुला माप ठाऊक आहे."

फॉर्मात बांगड्यांना रकाना नाही.
समासात लिहिलं, आडवं, बारीक.

तिचा व्यंकट रानातून आला, कागद बघितला.
"आईला मारायला आलीस का, मावशी?"
मावशीच म्हणाला, म्हणून उठले नाही.
म्हटलं, मी काही सांगायला नाही आले,
तूच विचार तिला. मी बसते.
त्यानं विचारलं नाही. म्हैस सोडायला गेला.
पण साक्षीला शेजारचे दोघं घेऊन
नोटरीच्या टपरीपाशी तोच उभा होता,
तोंड फिरवून.

पौषात, रात्री दोनला, फोन.
"मावशी, मशीनवर घ्यायचं का, लगेच सांगा म्हणालेत.
मला काही सुचंना.
कागदात ती काय म्हणली?"
कागद त्याच्याच खिशात होता.
म्हटलं, वाच. मोठ्यानं वाच.
तो अडखळत वाचत गेला,
समासापाशी आला आणि थांबला.
मी वीस मोजले. या वेळी आकडेच.

सकाळी गाडीतून तिला घरी आणलं.
औषधाची बाटली, नर्सताई दिवसातून एकदा,
शेळी दाराशी. चार दिवस.
हात सुजले होते. तेल लावलं, मग साबण.
चार जांभळ्या बांगड्या, एकेक करून.
एकही पिचली नाही, असं मी सगळ्यांना सांगते.
एक पिचली.

गल्लीत काही जणी मला बघून
पदर तोंडाला लावतात, अपशकुन म्हणतात.
संक्रांतीला मात्र येतात,
दुसरीकडं त्यांना बांगडी बसत नाही.

माझा स्वतःचा कागद
बिलबुकात आहे, मागच्या दिवाळीपासून.
नाव, वय, पत्ता, नळी नको, भरून झालंय.
"तुमच्या वतीनं कोण बोलेल?"
तिथं पेन्सिलनं लेकाचं नाव.
तो हैदराबादला असतो. रविवारी फोन करतो,
विचारतो, दुकान कसं चाललंय.
मी म्हणते, चाललंय.
मग दोघंही गप्प.
मी डझन मोजत बसते.